दैत्याला मामा म्हणणारी

आई, मधले काही रविवार आमच्याकडे तुझ्यावरून भांडणं चालली होती. ती ऐकून तू हसली असतीस की पदर खोचून मध्ये पडली असतीस, ते मला ठरवता येत नाही. मुद्दा असा की तू फार भारी आहेस आणि तुला जरा लगाम घातल्याशिवाय खेळात घेता येणार नाही. असं म्हणणारा माणूस माझ्या ऑफिसातला, पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यात वाढलेला, एरवी अतिशय सज्जन. तो आमच्या खेळाचा सूत्रधार आहे. खेळ कसला, ते आधी सांगायला हवं, कारण तू गेलीस तेव्हा मीसुद्धा त्याचं नाव ऐकलं नव्हतं.

नवीन पनवेलला आमच्या घरी एक जेवणाचं टेबल आहे. रविवारी जेवणं उरकली की त्यावर कागद, पेन्सिली आणि फासे येतात. त्यातल्या एका फाशाला वीस बाजू आहेत, तो गडगडत जातो आणि हमखास सोफ्याखाली शिरतो. प्रत्येकजण एकेक पात्र घेतो. सूत्रधार गोष्ट सांगायला लागतो, की समोर गुहा आहे, आत दैत्य आहे, आता काय करता? मग आपण काय करणार ते तोंडाने सांगायचं, आणि ते साधलं की फसलं ते फाशावर ठरतं. बँकेत काम करणारा आमचा एक मित्र कायम कुऱ्हाडवाला होतो, आठवडाभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून तो कावलेला असतो. माझी एक मैत्रीण दातांची डॉक्टर आहे, ती चोर होते आणि मन लावून चोऱ्या करते. माझा नवरा चहा करतो आणि आम्हा सगळ्यांना हसतो. माझी लेक, म्हणजे तुझी नात, सोफ्याखालचा फासा काढून देते आणि पुन्हा खोलीत जाऊन चित्रं काढत बसते. "कामधंदा नाय का गो तुमाला?" असं तू दारातूनच विचारलं असतंस, आणि मग कोपऱ्यात बसून सगळं शेवटपर्यंत पाहिलं असतंस.

या खेळात जादू करणारेही असतात. पुस्तकात छापलेले जादूगार म्हणजे बहुतेक दाढीवाले म्हातारे, टोकदार टोप्या घालून पोथीतले मंत्र पुटपुटणारे. पण विकतचा मसाला नको असेल तर आपण घरी कुटतो, तसा कोणी नवीन जादूगार घरी तयार केला तरी चालतो. अट एवढीच की तो बाकीच्यांच्या मानाने फार जड होता कामा नये आणि फार हलकाही. एकाचीच जादू सगळ्यांना पुरून उरली तर उरलेल्यांनी नुसता चहाच प्यायचा. आणि खेळात घ्यायचं की नाही, हा शेवटचा शब्द सूत्रधाराचा. तर त्या दाढीवाल्याचं चित्र बघताना एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, की याच्यापेक्षा माझी आई बरी, तिला पोथीसुद्धा लागत नव्हती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी त्यांना धवलारीण म्हणजे काय ते सांगितलं. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो नसो, धवले म्हणजे विधींची गाणी गाणारी धवलारीण लागतेच. हळदीचा धवला वेगळा, तेलवणाचा वेगळा, मांडवात उंबराची फांदी आणायची त्याचा वेगळा, आणि तो गायल्याशिवाय तो विधी झाला असं कोणी धरत नाही. डॉक्टरीण म्हणाली, "म्हणजे गाणं म्हटलं की गोष्ट घडते? ही तर सरळसरळ जादूच झाली की!" त्या दिवशी मी तुला कागदावर उतरवायला घेतलं.

मला पहिल्यांदा आठवलं ते आपटा गावातलं लग्न. नदीकडेच्या अंगणात मांडव आहे. नवऱ्याकडचे आणि नवरीकडचे मानपानावरून जुंपलेत, दोघाचौघांनी बाह्या सरसावल्यात, बायका पोरांना मागे ओढतायत. तू मांडवाच्या खांबाशी मांडी घालून बसली आहेस, तुझ्याशेजारी मावशी. ती आपल्या नात्यातली नाही, तुझी गाण्यातली जोडीदारीण, पण मी तिला मावशीच म्हणायचे. तू आवाज चढवत नाहीस. नुसता धवला सुरू करतेस आणि त्यात मुलीच्या मामाला बोलावतेस, फांदी घेऊन ये म्हणून. तो मामा तेव्हा कोणाची तरी गचांडी धरून उभा आहे. त्याने हात सोडला, सदरा सारखा केला आणि आला. मग तू आत्याला बोलावलंस, काकाला बोलावलंस, ज्याला ज्या नात्याने हाक मारलीस तो त्या कामाला लागला, आणि भांडायला माणूसच उरला नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून कागदावर मी तुझी जादू अशी लिहिली: धवलारीण गाण्यातून ज्याला नात्याने हाक मारील, त्याने यायचं आणि त्या नात्याचं काम करायचं.

पहिल्याच खेळात बोजवारा उडाला. गुहेत दैत्य निघाला, कुऱ्हाडवाला सरसावला, आणि मी आपलं दैत्याला मामा म्हणून टाकलं. फासाही माझ्या बाजूने पडला. झालं, दैत्य उंबराची फांदी आणायला गेला. त्याच्या साथीदारांना मी काका आणि मेव्हणे केलं, ते हळद वाटायला बसले. डॉक्टरीण हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. कुऱ्हाडवाला मात्र रुसला, त्याला एक घावही घालायला मिळाला नव्हता. सूत्रधाराने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, तुझ्या या जादूगारणीला काही हदच नाही," तो म्हणाला. "दैत्याला मामा करता येत असेल तर बाकीच्यांनी तलवारी कशाला घासायच्या? यात इन्साफ कुठेय? तिला कुठे अडतं ते सांग. नाही सांगता आलं तर मी तिला घेणार नाही, माफ कर." मला इतका राग आला की मी त्याला दुसरा चहा विचारला नाही.

पण रात्र उलटली तशी रागाची जागा कुतूहलाने घेतली. तू कुठे अडायचीस? हा प्रश्न मी तुला तू असताना कधी विचारला नाही, आणि आता विचारतेय तर तू नाहीस. आम्ही पुढचे सगळे रविवार तुला मोजत बसलो. सूत्रधार म्हणाला, दिवसातून ठरावीक धवलेच गाता येतील असं करू. मी म्हटलं, आमची आई सकाळी बसायची ती दिवेलागणीपर्यंत गायची, मध्ये फक्त चहा. मग तो म्हणाला, घसा बसेल असं करू. तुझा घसा बसायचा, हे खरं. दुसऱ्या दिवशी तू खुणांनी बोलायचीस आणि बाबा तेवढ्यापुरते मजेत असायचे. पण बसलेल्या घशानेही तू हळद लावलीच आहेस. कुऱ्हाडवाला म्हणाला, मोठा आवाज झाला की जादू मोडेल असं करा. म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे हळदीला बेंजो वाजतो, स्पीकर मांडवाच्या उंचीचे असतात, त्यात ती गात होती. एकेक लगाम आम्ही आणायचो आणि तो तुझ्या तोंडात बसायचाच नाही. मजा अशी, की मला तू जिंकतेस याचा आनंदही व्हायचा आणि भीतीही वाटायची, कारण तू अशीच जिंकत राहिलीस तर खेळाबाहेर राहणार होतीस. आणि मला तू टेबलाशी हवी होतीस, आई. दुसरीकडे कुठे तुला बसवायला जागा उरलेली नाही. आपल्या गव्हाणला आता लग्नं हॉलमध्ये होतात, धवला लागलाच तर मोबाइलवर लावतात.

सुटका झाली ती अगदी अवचित. एका रविवारी पूल ओलांडायचा होता आणि पुलावर राखणदार होता. मी त्याला आत्या केलं. तो पुरुष होता, पण नाती कुठे एवढं बघतात! मला वाटलं, आज ओळ नुसती सांगायची नाही, म्हणायची. तू आत्याला कळशी घेऊन ये म्हणून बोलावायचीस ती ओळ मी चालीत म्हणायला लागले आणि अर्ध्यात अडकले, कारण पुढचं मला येतच नव्हतं. तेव्हा डॉक्टरीण, तिला ना चाल माहीत ना धवला, तिने आपली तशीच बेसूर पुढे जोडून दिली, की आत्याबाईची कळशी गळकी आहे आणि ती आधी कल्हईवाल्याकडे गेली आहे. सगळे हसले. पण सूत्रधार हसला नाही. त्याने पेन्सिल उचलली. "हे काय झालं आत्ता?" तो म्हणाला. "राखणदार पुलावरून निघून गेला. म्हणजे रस्ता मोकळा झाला, पण तू सांगितलं होतंस तसा नाही, हिने सांगितलं तसा. तुझ्या आईचं असंच होतं का? सुरुवात तिची आणि शेवट दुसऱ्याचा?"

आई, मला एकदम मोरा बंदर आठवलं.

मी कॉलेजात होते. मोऱ्याला कोळ्यांकडचं लग्न होतं आणि त्यांनी तुला खास बोलावलं होतं. मावशी तापाने आजारी, म्हणून तू मला सोबत घेतलंस. मी कंटाळून आले होते, पुस्तकसुद्धा आणलं होतं. जेट्टीवर सुकत घातलेल्या मासळीचा वास मांडवापर्यंत येतोय. नवरी पाटावर बसली आहे, हळद वाटीत तयार. तू ओळ सुरू करतेस, अर्ध्यावर येतेस आणि थांबतेस. पुन्हा तीच अर्धी ओळ. पुन्हा थांबतेस. बायका चुळबुळायला लागल्या. करवलीचा हात हळदीत बुडवलेला तसाच. आणि तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आई विसरली. मी तुझ्या कानाशी लागून तुला तीच अर्धी ओळ हळूच सांगितली, नाटकात पडद्यामागून सांगतात तशी. तू मला कोपर मारलंस. शेवटी मागे, पाण्याच्या पिंपाशी बसलेल्या एका म्हातारीने, मोऱ्याच्या त्यांच्या चालीत, पुढची अर्धी म्हटली, आणि हळद लागली. परत येताना टमटममध्ये तू मला एवढंच म्हणालीस, "तोंडात मूग भरलेले काय गो तुजे?" मी घरी येईपर्यंत पुस्तकात डोकं खुपसून बसले. मला लागलं होतं ते, कारण मी तर बोलले होते! मदतच केली होती! पुढे तू गेलीस, आणि ते वाक्य माझ्याकडे तसंच राहून गेलं, उलगडा न झालेलं.

म्हणजे तू विसरली नव्हतीस. तुझ्या वाट्याचं तेवढंच होतं. पुढची अर्धी मावशीची, मावशी नाही तर जो कोणी झेलील त्याची, आणि कोणी झेललीच नाही तर तू तिथेच अडायचीस, नवरी पाटावर आणि हळद वाटीत. मी हे टेबलाशी सांगितलं तेव्हा कुऱ्हाडवाल्यानेसुद्धा मोबाइल खाली ठेवला. सूत्रधार म्हणाला, "मग झालं की. हीच तिची हद. ताकद कितीही दे, पण एकटीने पुरी करता येणार नाही." त्याने तुला त्या दिवशी खेळात घेतलं. मी त्याला दोनदा चहा दिला.

पण मला एक गोष्ट छळायला लागली. मोऱ्याला तू बघितलंस, ते ठीक. पण त्याआधी घरी? दुपारी तू विळीवर बोंबील चिरायला बसायचीस आणि अर्धी ओळ म्हणून थांबायचीस. हातही थांबायचा. मी खिडकीत अभ्यास करत असायचे. मग जरा वेळाने पुन्हा बोंबील. मी बाबांना म्हणायचे, आईला हल्ली पुढचं आठवत नाही. आई, तू इतकी वर्षं माझ्यासाठी थांबत होतीस का? आणि असशील, तर एकदा तोंडाने का नाही म्हणालीस, की ही घे, पुढची शीक? मला धपाटा घालून पाढे शिकवलेस, भाकरी शिकवलीस. हेच एक तेवढं का नाही?

म्हणून मी गव्हाणला मावशीकडे गेले. ती आता फार थकली आहे, डोळ्यांना कमी दिसतं, पण तिने मला आवाजावरून ओळखलं. अंगण गेलं, पुढे चार मजली इमारत झाली, आणि ती तळमजल्यावर दारात खुर्ची टाकून बसते. मी म्हटलं, "मावशी, आईचे धवले सांग ना." ती म्हणाली, "मना पयला येत नाय. पयला तुजे आयशीचा. तू पयला दे, मंग मना कलंल." मी कळशीची ओळ म्हटली. अर्ध्यावर आले, आणि तिने जराही न थांबता पुढची उचलली, तोंडात दात नाहीत तरी चाल पक्की. पुढे काय असावं? आत्याबाई वाटेत दमली आणि वडाखाली बसली, एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. मी हसले, तीही हसली. मग मी तिला विचारलं, "तुला आईने कसं शिकवलं गं?" तर ती म्हणाली, "शिकवला नाय कोनी. मी वहिरीवर कपरे धूत व्हती, तुजी आय तिकरून गात येत व्हती. थांबली. मी मधी परली. तवापासून संगाती." मी म्हटलं, "पण तिने तुला बोलावलं असेल ना?" मावशीला माझा प्रश्नच वेडगळ वाटला. "बोलवून घेतलेली जोरीदारीन काय कामाची? मागून झेल मिलत नाय, बाय. आमी कोनाला मागत नाय. ज्याला यायचा तो मधी परतो."

हे मी रविवारी टेबलावर मांडलं. सूत्रधाराला ते इतकं आवडलं की त्याने उभं राहून नियम लिहून घेतला: धवलारीण ओळ सुरू करील आणि थांबेल; पुरी कर म्हणून ती कोणाला सांगणार नाही, खुणावणार नाही, टेबलाखालून पाय मारणार नाही. तेव्हापासून माझी काय गत होते म्हणून सांगू! समोर लांडग्यांचा कळप असतो, मी अर्धी ओळ म्हणून ओठ मिटून बसलेली असते, आणि हे तिघे चिवड्यातले दाणे निवडत असतात. कधी कोणी झेलतं, कधी नाही. परवा कोणीच झेललं नाही आणि लांडगे मला चावून गेले. कुऱ्हाडवाला आता खूश आहे, म्हणे त्याला माझ्याशिवाय चालत नाही आणि माझ्या ओळीला त्याच्याशिवाय. क्लास, म्हणजे खेळातला पात्राचा प्रकार, जमला, असं सूत्रधार म्हणतो. जड नाही, हलका नाही.

आणि एवढं सगळं जमल्यावर मला काय झालंय ते फक्त तुलाच सांगता येण्यासारखं आहे, म्हणून हा कागद घेतला. तो तुझ्यापर्यंत पोचायचा नाही, पोचला असता तरी तू बाबांना वाचायला लावलं असतंस. मला तुझ्या अर्ध्या ओळी बऱ्याच येतात, आई. पूर्ण एकच येते, ती दमलेल्या आत्याची. बाकीच्या घेऊन मावशीकडे जाईन, ती आहे तोवर जायला हवं, हे कळतं मला. पण बोंबील चिरताना म्हणायचीस ती ओळ मी मावशीला देणार नाही. ती मी माझ्या ओट्याशी म्हणते, संध्याकाळी, मासळी साफ करताना. अर्ध्यावर येते आणि थांबते. सुरीही थांबते. आतल्या खोलीत तुझी नात रंगपेटी उघडून बसलेली असते, दार पुढे केलेलं असतं. पेन्सिलीचा आवाज येत असतो. मी जरा वेळ तशीच उभी राहते आणि मग नळ सोडते. तिला मी काही सांगितलेलं नाही. नवरा विचारतो, पुढचं विसरलीस का, तर मी हो म्हणते.

सांगायचं नाही, मागायचं नाही, खुणावायचं नाही, नियम मीच टेबलावर आणला. पण मोऱ्याला तूही माझ्याकडे पाहिलं होतंस ना? मग हेही ऐक: काल ओळ म्हणायच्या आधी मी जाऊन तिच्या खोलीचं दार जरासं उघडून आले.